गाडी एका अंगाला का ओढते?

मंडळी, हा पाठ मोटारगाडीचा आहे. पण आपण सुरुवात बैलगाडीपासून करू. बैलगाडी तुमच्यापैकी पुष्कळांनी हाकली आहे. निदान तिच्यात बसला तरी आहात.

बैलगाडीचा नियम

दोन लालकंधारी बैल जुंपले आहेत. रस्ता सरळ आहे. डावा बैल थकला आणि मागे रेंगाळू लागला. गाडी कुणीकडे वळेल? डावीकडे. उजवा बैल पुढे जातो, डावा मागे राहतो, म्हणून जू डावीकडे फिरते.

आता दोन्ही बैल सारखे चालत आहेत. पण पावसाचे दिवस आहेत. डाव्या चाकाला काळ्या मातीचा चिखल बसला. चाक जड झाले, फिरेना. आता गाडी कुणीकडे वळेल? पुन्हा डावीकडेच. शहाणा धुरकरी अशा वेळी बैलाला मारत नाही. तो खाली उतरतो आणि आधी चाक पाहतो.

यातून एक नियम निघतो. जी बाजू मागे राहते, गाडी त्या बाजूला वळते.

हा नियम बैलगाडीला लागू आहे. जीपला, टेम्पोला आणि मोटारीलाही तोच लागू आहे. फरक इतकाच, की मोटारीत मागे राहण्याची कारणे जास्त असतात आणि ती झाकलेली असतात.

आमच्या गावची जीप

ही काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमचे गाव कंधार तालुक्यात, नांदेड जिल्ह्यात. आमच्या रात्रीच्या वर्गात एक जीपवाला येत असे. वय चाळीस. दिवसा तो गावातून लोह्याला माणसे नेई-आणी करी. रात्री पाटी घेऊन बसे. आकडे तो लवकर शिकला, अक्षरे हळूहळू.

एके दिवशी तो म्हणाला, "गुरुजी, गाडी डावीकडं वढायली. मोठ्या रस्त्यावर कमी, आपल्या गावच्या रस्त्यावर लई. हात भरून येतेत."

मी म्हणालो, "अरे बाबा, रस्ताच तसा आहे. त्याला तू काय करणार?"

मी न पाहता बोललो. ही माझी चूक. ती पुढे कशी अंगावर आली ते सांगतो.

मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची मोठी जत्रा भरते. तिथला गुरांचा, घोड्यांचा आणि गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे. जत्रेहून आम्ही त्याच जीपने परत येत होतो. आत चौदा माणसे होती. तेवढी बसवायला नको होती, हेही कबूल करतो. मी पुढे बसलो होतो. माझ्या शेजारी एक बाई, तिच्या मांडीवर तान्हे मूल.

गावाच्या अलीकडे एक मोरी आहे. तिला कठडा नाही. मोरीच्या तोंडाशी खड्डा होता. चाक खड्ड्यात गेले आणि जीप एकदम डावीकडे झेपावली. त्याने सारा जोर लावून स्टेअरिंग उजवीकडे ओढले. गाडी थांबली. उतरून पाहिले, तर डावे चाक मोरीच्या काठापासून हातभर अंतरावर होते. खाली दगड होते.

कुणाला खरचटलेही नाही. पण त्या बाईने मुलाला जे पोटाशी धरले, ते घरी जाईपर्यंत सोडले नाही. "रस्ताच तसा आहे" हे माझे शब्द मला त्या वेळी आठवले.

आधी झालेला खर्च

घरी आल्यावर मी विचारले, "आजवर काय काय केलेस?"

त्याने सांगितले. दोनदा चाकांचे अलाइनमेंट करून आणले होते. चार दिवस बरे वाटे, मग पुन्हा तेच. एकाने टायर बदलायला सांगितले. पैसे कमी होते, म्हणून एकच नवा टायर घेतला. तरी फरक नाही. आता एक मिस्त्री म्हणत होता, की स्टेअरिंगचा डबाच बदलावा लागेल. त्यासाठी बायकोची पोत गहाण ठेवायचे चालले होते.

आपल्याकडे म्हण आहे: दुखणे हेल्याला आणि डाग पखालीला. रेडा आजारी पडला आणि डाग दिला त्याच्या पाठीवरच्या पाण्याच्या पखालीला! तसेच इथे चालले होते.

मी म्हणालो, "पोत राहू दे. उद्या गाडीत माणसे घेऊ नकोस. आपण एकेक गोष्ट तपासू. जे दिसेल ते तू वहीत लिहायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची."

एका वेळी एकच गोष्ट का? आजाऱ्याला पाच औषधे एकदम दिली, तर गुण कशाने आला ते कळत नाही. गाडीचेही तसेच आहे.

पहिली तपासणी: रस्ता

रस्ता मधे उंच आणि कडांना उतरता बांधतात. पाणी वाहून जावे म्हणून. डांबरी रस्त्याला हा उतार साधारण शंभर हातांना दोन-अडीच हात या प्रमाणात असतो. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो. म्हणून चांगली गाडीसुद्धा किंचित डावीकडे कलते.

नांदेड-लातूर भागात आणखी एक गोष्ट आहे. आपली काळी माती पावसात फुगते. उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. तिच्यावरचा रस्ताही त्याबरोबर वर-खाली होतो. कडेने पाणी मुरते, म्हणून कडा आधी खचतात. डावे चाक नेहमी त्या खचलेल्या कडेवर धावते.

मग ओढ रस्त्याची की गाडीची, हे कसे ओळखावे? सपाट, मोकळी जागा पाहावी. गाडी रिकामी असावी. अगदी हळू चालवावी. हात स्टेअरिंगवरच ठेवावेत, पण पकड सैल करावी. सपाट जागेवर गाडी सरळ गेली, तर रस्त्याचा दोष. तिथेही एकाच बाजूला गेली, तर गाडीचा दोष.

आम्ही शाळेच्या मैदानावर जीप नेली. ती डावीकडेच गेली. म्हणजे दोष गाडीचा. मी जे बोललो होतो ते खोटे ठरले.

दुसरी तपासणी: ओझे

सोयाबीनची पोती एकाच बाजूला रचली, तर त्या बाजूचे टायर दबतात. चाक जड होते. माणसे एका अंगाला लोंबकळली तरी तेच. परवान्यावर लिहिली आहेत तेवढीच माणसे घ्यावीत. ओझे दोन्ही बाजूंना सारखे लावावे.

आमची जीप रिकामी होती. तरी ओढत होती. म्हणजे कारण ओझे नव्हते.

तिसरी तपासणी: हवा

बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलप नावाचा एक गुरांचा डॉक्टर राहत होता. त्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी रबरी नळीत हवा भरून चाक तयार केले. १८८८ साली त्याने त्याचे पेटंट घेतले. आपल्याकडे रबरी चाकांच्या बैलगाडीला डनलप गाडी म्हणतात, ते नाव त्याचेच.

टायर ओझे उचलतो तो हवेच्या जोरावर. हवा कमी झाली, की टायर चपटा होतो आणि रस्त्याला जास्त चिकटतो. चाक जड फिरते. ती बाजू मागे राहते. आपला नियम आठवा: गाडी कमी हवेच्या बाजूला ओढते.

हवा किती भरावी? पुष्कळ गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर आकडा असतो. तो वाचावा. गाडी चालून आली, की टायर तापतो आणि हवेचा आकडा वाढलेला दिसतो. म्हणून हवा टायर थंड असताना मोजावी.

आमच्या जीपवाल्याने आकडा स्वतः वाचला. पुढच्या चाकांना ३० हवा लागे. उजव्यात ३० होती. डाव्यात २४. त्याने वहीत दोन्ही आकडे लिहिले आणि डाव्यात हवा भरली. पुन्हा मैदानावर गेलो. ओढ थोडी कमी झाली. पण गेली नाही.

"सापडलं म्हनून थांबायचं नाही तर, गुरुजी," तो म्हणाला. मला बरे वाटले. पुष्कळ माणसे इथेच थांबतात. एका गाडीत दोन दोष असू शकतात.

चौथी तपासणी: टायर

एक टायर नवा, एक झिजलेला, किंवा एकाची आतली बांधणी सरकलेली, असे असले तरी गाडी ओढते. वरून ते दिसेलच असे नाही. पण ओळखण्याची युक्ती सोपी आहे. पुढचे डावे चाक उजवीकडे लावावे आणि उजवे डावीकडे. ओढ बाजू बदलून उजवीकडे गेली, तर दोष टायरचा. ओढ होती तिथेच राहिली, तर टायर निर्दोष.

एक सूचना. काही टायरांवर बाण असतो. चाक कुठल्या दिशेने फिरायचे ते बाण सांगतो. असे टायर बाजू बदलून लावू नयेत.

टायरवर त्याची जन्मतारीखही असते. चार आकडे एकत्र लिहिलेले असतात. २३१९ असे असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. टायर विकत घेताना हे आकडे वाचावेत. आणि पुढचे दोन टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे असावेत. घ्यायचे तर जोडीने घ्यावेत.

आम्ही चाके बदलली. ओढ डावीकडेच राहिली. टायर सुटला.

पाचवी तपासणी: ब्रेक

ब्रेक सोडल्यावर चाक मोकळे झाले पाहिजे. एखाद्या चाकाचा ब्रेक चिकटून राहिला, तर ते चाक मागे राहते आणि तापते. थोडे अंतर चालवून गाडी थांबवावी. प्रत्येक चाकाजवळ हाताची पाठ न्यावी. चाकाला हात लावू नये, भाजेल. एकच चाक जास्त गरम लागले, तर त्याचा ब्रेक चिकटला आहे.

आता नीट लक्ष द्या. इथे पुष्कळ जण फसतात. ब्रेक दाबला तरच गाडी उजवीकडे ओढते, एरवी सरळ जाते, असे समजा. दोष कुठल्या चाकात? सगळे म्हणतात उजव्या. पण ब्रेक दाबल्यावर मागे राहते ती बाजू, जी चांगली धरते. उजवे चाक आपले काम करत आहे. डावे धरत नाही. त्याच्या ब्रेकवर तेल सांडले असेल, किंवा आतला भाग अडकला असेल. म्हणजे ओढ उजवीकडे आणि दोष बहुधा डावीकडे! म्हणून ब्रेक उघडायचे तर दोन्ही बाजूंचे उघडावेत.

आमच्या जीपची चारही चाके सारखीच कोमट होती. ब्रेक सुटला.

सहावी तपासणी: सुतळी

संध्याकाळ झाली होती. जीपवाल्याची बायको चहा घेऊन आली. ती आमच्या बायकांच्या वर्गात शिकत होती. ती जीपसमोर उभी राहून पाहत होती. मग म्हणाली, "आवं, हे डावं चाक मागं कामून सरकलंय? इकडं बघा, पत्र्याला किती जवळ हाय. तिकडं जागा हाय."

आम्ही दोघे दिवसभर त्या चाकाशी झटत होतो. आम्हाला ते दिसले नव्हते.

मी सुतळी मागवली. जीप सपाट फरशीवर उभी केली. पुढची चाके सरळ केली. डाव्या बाजूला पुढच्या चाकाच्या मधोमधपासून मागच्या चाकाच्या मधोमधपर्यंत सुतळी ताणली आणि गाठ मारली. सुतळीचे एक टोक तिने धरले, एक त्याने. तीच सुतळी उजव्या बाजूला लावली. गाठ दोन बोटे कमी पडली.

मोजण्यात थोडी चूक होते, म्हणून तीनदा मोजले. तीनदा तेच. डाव्या बाजूचे पुढचे चाक दोन बोटे मागे सरकले होते. जी बाजू मागे राहते, गाडी त्या बाजूला वळते. इथे तर बाजू खरोखरच मागे गेली होती!

दोष सापडला

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला तेवढीच जागा दाखवली. या जीपचा पुढचा आख पोलादी पट्ट्यांच्या चळतीखाली बांधलेला असतो. त्या पट्ट्यांना पाटे म्हणतात. आख आणि पाटे यांना यू-बोल्ट आवळून धरतात. मधे एक सेंटर बोल्ट असतो. तो आखाला जागेवरून हलू देत नाही.

डाव्या बाजूच्या यू-बोल्टांच्या चाक्या सैल झाल्या होत्या. त्यामुळे सगळा भार सेंटर बोल्टावर आला आणि तो तुटला. उघडताच दोन तुकडे खाली पडले. मग प्रत्येक खड्ड्यात आख थोडा मागे सरके. म्हणून खराब रस्त्यावर ओढ जास्त. म्हणूनच अलाइनमेंट टिकत नसे. ज्या आखाला जागाच नाही, त्यावरची चाके कितीही सरळ केली तरी ती तशी राहतील कशी?

मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, आणखी थोडे दिवस चालवली असती, तर आख एका अंगाने निसटला असता."

नवे बोल्ट घातले. थोडे दिवस चालवून चाक्या पुन्हा आवळून घेतल्या. मग शेवटी एकदा अलाइनमेंट केले. ते टिकले. स्टेअरिंगच्या डब्याला हात लावावा लागला नाही. पोत घरातच राहिली.

आणखी दोन खुणा

खडबडीत रस्त्यावर गाडी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे जाते, असे असेल तर दोष वेगळा. तिथे काहीतरी ढिले आहे. चाक जॅकवर उचलावे. घड्याळातले बारा आणि सहा जिथे असतात तिथे धरून हलवावे. खडखडले, तर बेरिंग किंवा सांधा ढिला आहे. मग नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवावे. तिथेच खडखडले, तर स्टेअरिंगच्या दांडीचा सांधा पाहावा.

झटके सोसणाऱ्या नळकांड्याला गॅरेजात शॉकअप म्हणतात. ते निकामी झाले, तर खड्ड्यातून निघाल्यावर चाक उड्या मारत राहते. उडालेले चाक रस्ता धरत नाही.

जॅक लावताना तीन गोष्टी पाळा. काळ्या मातीत जॅक रुततो, म्हणून खाली फळी घाला. बाकीच्या चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. चाक परत बसवल्यावर चाक्या समोरासमोर, फुली काढावी तशा आवळा.

लक्षात ठेवा

आम्ही एक चूक केली. सुतळी शेवटी काढली. ती आधी काढायला हवी होती. म्हणून तुम्ही या क्रमाने चला:

१. आधी उभी गाडी पाहा: ओझे, हवा, टायर, दोन्ही बाजूंची सुतळी, बोल्ट, सांधे.
२. काही सैल किंवा तुटके दिसले, तर गाडी चालवू नका. मिस्त्रीला बोलवा.
३. सगळे ठीक दिसले, तर रिकामी गाडी सपाट जागी हळू चालवून पाहा.
४. एका वेळी एकच गोष्ट बदला. बदललेले वहीत लिहा.
५. अलाइनमेंट सर्वांत शेवटी.

मिस्त्रीकडे जाताना ती वही बरोबर न्या. "गाडी वढायली" एवढेच सांगितले, तर तो अंदाजाने काम करील. "रिकामी असताना ओढते, डावीकडेच ओढते, टायर बदलूनही तशीच ओढते" असे सांगितले, तर तो नेमक्या जागी हात घालील.

आमच्या जीपवाल्याची ती वही अजून त्याच्या गाडीत आहे. पहिल्या पानावर अक्षर वेडेवाकडे आहे. पुढच्या पानांवर सुधारत गेले आहे. मोरीला पुढे कठडा झाला. त्यासाठीचा अर्जही त्यानेच लिहिला होता.

प्रश्न

१. डाव्या टायरमध्ये हवा कमी असेल, तर गाडी कुठल्या बाजूला ओढेल? का?
२. ब्रेक दाबला तरच गाडी डावीकडे ओढते. तर दोष कुठल्या चाकात शोधाल?
३. पुढचे दोन टायर आपसांत बदलल्यावर ओढही बाजू बदलते. यावरून काय कळते?
४. टायरवर ०८२१ असे आकडे आहेत. तो कुठल्या साली तयार झाला?
५. जीपवाल्याचे अलाइनमेंट का टिकत नव्हते?

करून पाहा

गावातील एखादी गाडी किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली सपाट जागी उभी करा. तिच्या दोन्ही बाजूंच्या टायरांची हवा मोजून घ्या. आकडे वहीत एकाखाली एक लिहा. सारखे आले का? नसतील, तर गाडी कुठल्या बाजूला ओढत असेल ते आधी लिहा आणि मग चालकाला विचारा.